अण्वस्त्रविरोधी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा : नव्या चिटणिसासाठी

मोर्चा, सायकल फेरी किंवा हिरोशिमा दिनाची मानवी साखळी उभी करणारी मंडळी वार्षिक सभेचे नाव काढले की कंटाळतात. पण सरकारदरबारी, बँकेत किंवा कोर्टात संस्था म्हणून तुमची ओळख पटते ती सभेच्या कागदावरून, मोर्चातल्या गर्दीवरून नाही. ‘हे संस्थेचे म्हणणे आहे की चार जणांचे?’ असे कुणी विचारले तर दाखवायला ठराव लागतो. तो ठराव ज्या सभेत झाला तिची सूचना, हजेरी आणि कोरम (सभेला लागणारी किमान सभासदसंख्या) नीट नसेल तर ठरावाला अर्थ उरत नाही.

खालची माहिती महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदलेल्या संस्थेसाठी आहे. तुमच्या प्रमाणपत्रावर ‘एफ’ने सुरू होणारा विश्वस्त नोंदणी क्रमांक असेल तर तुम्ही यात मोडता. नोंदणी नसलेल्या गटाला सभेची शिस्त यातून घेता येईल. धर्मादाय कार्यालयाचा भाग त्यांना लागू नाही.

आधी घटना वाचा

संस्थेची मंजूर घटना आणि नियमावली यांची धर्मादाय कार्यालयाच्या शिक्क्याची प्रत मिळवा. कपाटातली टाइप केलेली प्रत बऱ्याचदा जुनी किंवा कधीच मंजूर न झालेली असते. शिक्क्याच्या प्रतीतून सहा गोष्टी एका कागदावर उतरवा : सभा कोणत्या महिन्यापर्यंत घ्यायची, सूचना किती दिवस आधी आणि कोणत्या मार्गाने द्यायची, कोरम किती, कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेचा नियम काय, कार्यकारी मंडळाची मुदत किती वर्षांची, आणि अध्यक्षांना निर्णायक मत आहे की नाही. या लेखातला एखादा आकडा आणि तुमची घटना यांत फरक पडला तर घटनेचा आकडा धरा.

सातवी गोष्ट म्हणजे उद्देशांचे कलम. ते शब्दन्‌शब्द लिहून घ्या. अण्वस्त्रविरोधी संस्थांची खरी भांडणे तिथेच उगवतात. त्याबद्दल पुढे सविस्तर.

तारीख

हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि लेखापरीक्षण त्यानंतर सहा महिन्यांत पुरे व्हावे लागते. त्यामुळे बहुतेक संस्था सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सभा उरकतात. नेमके त्याच सुमारास गणपती किंवा पितृपंधरवडा असतो आणि सनदी लेखापालांच्या कचेऱ्या आयकराच्या गर्दीत बुडालेल्या असतात. अहवाल आदल्या रात्री येतो आणि सभेत कुणीच तो वाचलेला नसतो.

किनारपट्टीवरच्या गटांनी जुलैचा शेवटचा आठवडा धरावा. राजापूर तालुक्यात सभासदांत मच्छीमारही असतात आणि शेतकरीही. एप्रिल-मे आंब्याचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे बोटी किनाऱ्यावर. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात भाताची लावणी. लावणी आटोपलेली आणि बोटी अजून दर्यात न गेलेल्या, असे सात-आठ दिवसच मिळतात. मुंबई-पुण्याच्या गटांना ही अडचण नाही, पण तारीख त्यांनाही सोयीची आहे : पुढच्या दोन आठवड्यांतच ६ आणि ९ ऑगस्टचे, म्हणजे हिरोशिमा आणि नागासाकी दिनाचे, कार्यक्रम असतात आणि सभेला आलेल्यांना तिथल्या तिथे कामे वाटून देता येतात.

सभा आणि हिरोशिमा दिनाचा जाहीर कार्यक्रम एकाच दिवशी, एकाच सभागृहात मात्र घेऊ नका. पाहुणे, विद्यार्थी, पत्रकार सगळे हजेरीपटावर सह्या करतात, आणि नंतर कोरममध्ये सभासद किती होते ते कुणालाच सांगता येत नाही.

उदाहरणासाठी सभा २६ जुलैला आहे असे धरू.

सभासद यादी : मे महिन्याचे काम

सभासद नोंदवही उघडा आणि चार गट पाडा : वर्गणी भरलेले, थकबाकीदार, आजीव सभासद आणि ज्यांचा पत्ताच लागत नाही असे. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि तो सभासदांत मोजलाही जात नाही. तुमची वर्गणी १ एप्रिलला देय होत असेल तर २६ जुलैपर्यंत तीन महिने उलटून गेलेले असतात. म्हणजे ज्याने यंदा पैसे भरलेले नाहीत तो त्या दिवशी मतदार नाही, मग तो वीस वर्षांचा कार्यकर्ता असो. हे त्याला सभेच्या दारात कळले तर अपमान वाटणारच. म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात थकबाकीचे पत्र पाठवा आणि जूनमध्ये एकदा फोन करा.

दारात पैसे भरून मत मागणाऱ्यांचे काय करायचे ते आधीच ठरवा. मतदार यादी अमुक तारखेला बंद होईल असे घटनेत असेल तर ती तारीख सूचनेत ठळक छापा. तसे काही नसेल तर पैसे घेऊन पावती दिल्यावर माणसाला अडवणे अवघड जाते. अनेक संस्थांत निवडणुकीच्या दिवशी पंधरा-वीस जण एकदम वर्गणी भरायला येतात ते याचमुळे.

आजीव सभासदांचा प्रश्न वेगळा. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर उभ्या राहिलेल्या गटांनी त्या लाटेत भराभर आजीव सभासद केले. त्यांतले काही वारले, काही परदेशी गेले, काहींची मते बदलली. यादीत १४० नावे आणि कोरम एक तृतीयांश असेल तर ४७ माणसे जमवावी लागतात, आणि येतात तीस. मृतांची नावे मृत्यू दाखल्यावरून किंवा घरच्यांच्या पत्रावरून कार्यकारिणीच्या ठरावाने कमी करा. हयात आजीव सभासदाला ‘येत नाही’ म्हणून परस्पर काढता येत नाही. त्याला घटनेतलीच प्रक्रिया लागते.

हिशेब

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पावतीपुस्तके, व्हाउचर, बँकेचा उतारा आणि रोकड वही लेखापालांकडे पोचवा. धर्मादाय नियमांत ताळेबंद अनुसूची आठच्या नमुन्यात आणि उत्पन्न-खर्च अनुसूची नऊच्या नमुन्यात असतो. जूनच्या मध्यापर्यंत सहीचा अहवाल हातात हवा.

आंदोलन करणाऱ्या संस्थेचे हिशेब दोन ठिकाणी अडतात. पहिले ठिकाण डबाफेरी. मोर्चात फिरवलेल्या डब्यातली रक्कम त्याच दिवशी दोघांनी मोजून, कागदावर तारीख-ठिकाण-रक्कम लिहून सह्या करायच्या आणि पूर्ण रक्कम बँकेत भरायची. डब्यातूनच चहा आणि बॅनरचे पैसे दिले की जमेचा आकडा कायमचा खोटा होतो. निनावी देणग्यांना आयकरात वेगळा नियम असल्याने त्या हिशेबात स्वतंत्र दाखवायच्या असतात. दुसरे ठिकाण गाड्यांचे भाडे. टेम्पोवाला पावती देत नाही, म्हणून कोषाध्यक्ष स्वतःच्याच नावावर उचल दाखवतात. व्हाउचरवर गाडी क्रमांक, कुठून कुठे, प्रवासी किती आणि चालकाची सही घ्या. शक्य असेल तर पैसे यूपीआयने द्या.

परदेशी पैसा हा विषय सभेत हमखास निघतो, कारण विरोधकांचा पहिला आरोप तोच असतो. परदेशी योगदान नियमन कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशी स्रोताकडून एक रुपयाही घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. २०१२ मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुप्रकल्पाविरोधी आंदोलनाच्या काळात काही संस्थांवर याच मुद्द्यावरून कारवाई झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ‘इन्साफ’ (इंडियन सोशल अ‍ॅक्शन फोरम) या संस्थेच्या खटल्यात म्हटले की बंद, हरताळ अशा मार्गांनी लोकांचे प्रश्न मांडले एवढ्यावरून संस्था राजकीय ठरत नाही. असे असले तरी छोट्या गटाने या वाटेला न जाणेच बरे. ‘संस्थेने वर्षभरात कोणतेही परदेशी योगदान स्वीकारलेले नाही’ हे वाक्य खरे असेल तर वार्षिक अहवालात घाला. त्याची कात्रणे पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतात.

अंदाजपत्रकाची एक गोम आहे. धर्मादाय कार्यालयाला द्यायचे अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्याच्या महिनाभर आधी जावे लागते, म्हणजे फेब्रुवारीअखेर. जुलैची सभा त्यावर आधी शिक्का मारू शकत नाही. ते फेब्रुवारीत कार्यकारिणीने मंजूर करायचे आणि सभेपुढे ‘नोंद घेणे व कायम करणे’ म्हणून ठेवायचे. सुधारित आकडे असतील तर तेही तेव्हाच.

ठराव : इथे वेळ घाला

बहुतेक सभांत उलटे होते. दीड तास जुन्या खर्चावर वाद होतो आणि शेवटच्या वीस मिनिटांत, लोक चपला शोधत असताना, संस्थेचे वर्षभराचे धोरण ‘सर्वानुमते’ मंजूर होते. हिशेब आधी छापून हातात दिला तर तो अर्ध्या तासात संपतो. वाचवलेला वेळ ठरावांना द्या.

ठरावांचे मसुदे मागवणारे पत्र १ जूनला पाठवा आणि २० जूनला मुदत संपवा. मसुद्यावर सूचक व अनुमोदक या दोघा पात्र सभासदांच्या सह्या हव्यात. लांबी दोनशे शब्दांपर्यंत ठेवायला सांगा.

‘जगातील सर्व अण्वस्त्रे त्वरित नष्ट व्हावीत अशी ही सभा मागणी करते’ हा ठराव मंजूर व्हायला दहा सेकंद लागतात आणि त्यातून काहीच घडत नाही. तो कुणाला उद्देशून आहे, कुणी काय करायचे, कधीपर्यंत, पैसे किती, यातले काहीच त्यात नाही. त्याच भावनेचा उपयोगी ठराव असा लिहिता येईल :

‘अण्वस्त्रबंदी करार ७ जुलै २०१७ रोजी स्वीकारला गेला व २२ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. भारत त्यात सहभागी नाही. ही सभा ठरवते की, (१) भारत सरकारने या कराराच्या पक्षकार राष्ट्रांच्या पुढील बैठकीस निरीक्षक म्हणून उपस्थित राहावे, अशी मागणी करणारे निवेदन पंतप्रधान व परराष्ट्र मंत्र्यांना पाठवावे. (२) तेच निवेदन जिल्ह्यातील खासदारांना ३१ ऑगस्टपूर्वी समक्ष भेटून द्यावे. (३) जबाबदारी सरचिटणिसांची, खर्चाची मर्यादा रु. ५,०००, (४) कार्यवाहीचा अहवाल पुढील कार्यकारिणी सभेत ठेवावा.’

निरीक्षक म्हणून जाण्यासाठी करारावर सही करावी लागत नाही, त्यामुळे मागणी छोटी आहे आणि तिला ‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण द्यावे लागते. गावपातळीवरची अशीच ठोस मागणी म्हणजे नगराध्यक्षांनी किंवा महापौरांनी ‘मेयर्स फॉर पीस’मध्ये सामील व्हावे. हिरोशिमाच्या महापौरांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये सुरू झालेले हे जाळे आहे.

ठरावातली प्रत्येक तारीख आणि आकडा कार्यकारिणीतल्या एकाने तपासायचा. पोखरणचा पहिला स्फोट १८ मे १९७४ चा. १९९८ च्या चाचण्या ११ आणि १३ मे अशा दोन दिवशी झाल्या. जैतापूरचा मूळ आराखडा १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा, एकूण ९,९०० मेगावॉटचा होता. तारापूर आता पालघर जिल्ह्यात आहे. जुन्या मसुद्यांतून ‘ठाणे जिल्हा’ तसाच उतरतो. एक आकडा चुकला की पत्रकार तेवढाच छापतात आणि जिल्हाधिकारी कार्यालय तेवढ्यालाच उत्तर देते.

शस्त्रे की वीजसुद्धा?

हा वाद जवळजवळ प्रत्येक संस्थेत असतो आणि नव्या चिटणिसाला तो पहिल्याच सभेत भेटतो. १९९८ नंतरच्या काळात नोंदलेल्या संस्थांच्या उद्देशांत सहसा ‘अण्वस्त्र निःशस्त्रीकरण, शांतता व त्यासाठी लोकशिक्षण’ एवढेच असते. देशभरच्या गटांनी नोव्हेंबर २००० मध्ये दिल्लीत एकत्र येऊन अण्वस्त्र निःशस्त्रीकरण आणि शांततेसाठी जी आघाडी केली तिच्या नावातही शस्त्रांचाच उल्लेख आहे. दहा वर्षांनी जैतापूरच्या निमित्ताने आलेले सभासद मात्र माडबनची जमीन, साखरी नाट्याची मासेमारी, किरणोत्सर्ग आणि पुनर्वसन घेऊन आले. जुन्यांत असेही लोक असतात, त्यांत शास्त्रज्ञही, की ज्यांना बॉम्ब नको पण अणुवीज चालेल. दोन्ही बाजू प्रामाणिक असतात आणि दोघांनाही संस्था आपलीच वाटते.

अशा वेळी ‘जैतापूर प्रकल्प रद्द करा’ हा ठराव आयत्या वेळच्या विषयात घेऊन हात वर करून मंजूर करणे हा सर्वांत वाईट मार्ग. हरलेली बाजू उद्देशांच्या कलमावर बोट ठेवते, तक्रार धर्मादाय कार्यालयात जाते आणि संस्था दोन वर्षे त्याच फाइलमध्ये अडकते.

मसुदा आला की आधी तो उद्देशात बसतो का ते पाहा. उद्देशात लोकशिक्षण असेल तर प्रकल्पाबद्दल माहिती मागवणे, आपत्ती व्यवस्थापन आराखडा मराठीत उपलब्ध करून द्यावा अशी मागणी करणे, चर्चासत्र घेणे हे सगळे बसते. प्रकल्पालाच विरोध ही संस्थेची अधिकृत भूमिका करायची असेल आणि उद्देशात अणुऊर्जेचा उल्लेखच नसेल, तर उद्देश बदलण्याचा सरळ रस्ता धरा.

तो रस्ता १८६० च्या कायद्याच्या कलम १२ चा आहे. कार्यकारी मंडळाने बदलाचा प्रस्ताव लेखी किंवा छापील रूपात तयार करायचा. विशेष सभेच्या दहा दिवस आधी तो प्रत्येक सभासदाला पोचवायचा किंवा टपालाने पाठवायचा. त्या सभेत तीन पंचमांश मते हवीत. इथे प्रत्यक्ष आणि मुखत्यारामार्फत दिलेली, दोन्ही मते कायद्याने धरली जातात. मग एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा, आणि तिथे हजर सभासदांच्या तीन पंचमांश मतांनी तोच प्रस्ताव कायम करायचा. ६० पैकी ३६ हा तीन पंचमांश. ३५ ला प्रस्ताव पडतो. अपूर्णांक आला तर वरचा आकडा धरा. पहिली विशेष सभा वार्षिक सभेच्याच दिवशी, तिच्यानंतर अर्ध्या तासाने ठेवता येते. पण सूचना वेगळी, हजेरीपट वेगळा, इतिवृत्त वेगळे. महिन्याभराचा हा खंड त्रासदायक वाटतो, पण तो फुटीपासून वाचवतो : पहिल्या सभेत तावातावाने बोललेली माणसे दुसऱ्या सभेपर्यंत एकमेकांच्या घरी चहा पिऊन आलेली असतात.

आणखी एक कुंपण लक्षात ठेवा. निवडणुकीच्या हंगामात कुणीतरी ‘अमुक पक्षाला मत द्या’ असा ठराव आणतोच. पक्षाचा प्रचार धर्मादाय उद्देशात बसत नाही. तो मसुदा छाननीतच परत करा आणि परत केल्याचे कारण लेखी द्या. सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्नावली पाठवून त्यांची उत्तरे छापणे हा त्याला चांगला पर्याय आहे.

सूचना

जूनच्या शेवटच्या आठवड्यात कार्यकारिणीची सभा घ्या. तिने हिशेब स्वीकारायचे, ठरावांची छाननी करायची आणि विषयपत्रिका कायम करायची. सभा बोलावण्याचा हा ठराव इतिवृत्तात नसेल तर ‘सभा कुणी बोलावली?’ हा प्रश्न पुढे उभा राहतो.

सूचनेचे दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडा. पंधरा पूर्ण दिवस हवे असतील तर २६ जुलैच्या सभेची सूचना १० जुलैला सभासदाच्या हातात पडली पाहिजे. पावसाळ्यात कोकणातले टपाल धरून ती २ किंवा ३ जुलैला टाका. सूचनेत इतके असावे : संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक, सभेचा वार, तारीख, वेळ, पूर्ण पत्ता, विषय क्रमांकासह, ठरावांचे पूर्ण मसुदे, उपसूचनांची, म्हणजे ठरावात सुचवलेल्या बदलांची, अंतिम तारीख (इथे १८ जुलै), मतदार यादी बंद होण्याची तारीख, आणि तहकुबीचे वाक्य : ‘कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला कोरमची अट राहणार नाही.’ हे वाक्य घटनेत तशी तरतूद असेल तरच घाला. तहकूब सभेत विषयपत्रिकेबाहेरचा विषय घेता येत नाही.

अण्वस्त्रविरोधी संस्थेला लागणारी एक जादा ओळ आहे. सभागृहाचा मालक आदल्या दिवशी दबावाला बळी पडून नकार देतो, हे होऊ शकते. म्हणून सूचनेतच लिहा : ‘वरील जागा उपलब्ध न झाल्यास सभा त्याच वेळी … येथे होईल.’ पर्यायी जागा एखाद्या सभासदाचे अंगण असले तरी चालते. पहिल्या जागेची पावती जपून ठेवा.

सूचना पोचवल्याचा पुरावा हा पुढच्या साऱ्या कागदांचा कणा आहे. सर्वांत स्वस्त आणि भक्कम पुरावा म्हणजे सूचना फिरवण्याची वही : नाव, तारीख, सही. बाहेरगावच्यांना स्पीड पोस्ट आणि त्याच्या पावत्या एका कागदावर चिकटवून. व्हॉट्‌सअ‍ॅपवर सूचना जरूर टाका, पण घटनेत तो मार्ग नसेल तर त्याला सूचना समजू नका. ऑनलाइन हजेरीचेही तसेच : घटनेत असेल तर मोजा, नसेल तर त्यांना ऐकू द्या, मत मोजू नका.

पोलीस

बंद सभागृहातली सभासदांची सभा ही मोर्चा नव्हे. तरीही रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वरचेवर लागू असतात. त्या आठवड्यातला आदेश मिळवून वाचा. अशा आदेशांत संस्थांच्या नियमित सभांना अनेकदा सूट दिलेली असते. सूट असेल तर तो परिच्छेद अधोरेखित करून दारातल्या टेबलावर ठेवा. सभेची माहिती देणारे साधे पत्र पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यायला हरकत नाही. परवानगी मागणारे पत्र देऊ नका. नियमित सभेला एकदा परवानगी मागितली की दरवर्षी मागावी लागते.

गोपनीय शाखेचे हवालदार आले तर भांडू नका. सभा सभासदांपुरती आहे असे सांगा, जाहीर विषयपत्रिका आणि मंजूर ठरावांची प्रत देऊ म्हणा, बाहेर खुर्ची आणि चहा द्या. सभासदांचे पत्ते आणि फोन असलेली यादी मात्र कायदेशीर लेखी मागणीशिवाय कुणालाही देऊ नका. हजेरीपटावर म्हणूनच फक्त अनुक्रमांक, नाव आणि सही ठेवा. फोनचा रकाना नको.

सभेचा दिवस

ऐंशी मतदार आणि पस्तीस-चाळीस उपस्थिती धरली तर लागणारे सामान : अहवाल व हिशेबाच्या ४५ प्रती, ठरावांच्या तेवढ्याच, शिक्का मारलेल्या मतपत्रिका दोन रंगांत प्रत्येकी ५०, बंद होणारा डबा, छापील मतदार यादीच्या तीन प्रती, हजेरीपट, सभासदांसाठी रंगीत कार्डे, पाहुण्यांसाठी वेगळी रांग. हात वर करून मतदान असेल तेव्हा कार्ड वर करायचे. मोजणी चुकत नाही. मोजायला दोघे, शक्यतो परस्परविरोधी मताचे.

साडेदहाची सभा असेल तर कार्यकारिणी साडेनऊला हजर हवी. साडेदहाला यादीवर कोरम मोजा आणि वेळेसह लिहा. कोरम नसेल तर तहकुबीची वेळ लिहून थांबा; ‘येतीलच’ म्हणून सुरू केलेली सभा नंतर टिकत नाही. मागील इतिवृत्त दहा मिनिटे, कार्यवृत्त पंधरा, हिशेब आणि लेखापरीक्षकाची नेमणूक तीस, ठराव दीड तास, निवडणूक पाऊण तास. जेवण शेवटी. मधे जेवण ठेवले की अर्धी माणसे एसटीला निघतात आणि निवडणुकीला कोरम उरत नाही.

ठरावावर सूचकाला पाच मिनिटे, इतरांना तीन. बाजूचा आणि विरोधाचा वक्ता आळीपाळीने. उपसूचना आधी मताला टाकायच्या, मग सुधारलेला मूळ ठराव. मूळ ठराव नाकारण्यापुरती उपसूचना स्वीकारू नका. त्यासाठी विरोधात मत देता येते. अध्यक्षांचा स्वतःचा ठराव असेल किंवा ते उमेदवार असतील तर त्यांनी तेवढ्यापुरती खुर्ची सोडावी आणि तशी नोंद व्हावी. समसमान मते पडली आणि घटनेत निर्णायक मत नसेल तर ठराव पडला.

निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवार नसलेला आणि कुणाचा नातलग नसलेला हवा. निवडून आलेल्या प्रत्येकाकडून संमतीपत्रावर तिथेच सही घ्या. नंतर ही सही मिळवायला महिना जातो.

इतिवृत्त

‘चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर’ असे सवयीने लिहू नका. मतदान झाले असेल तर आकडे लिहा : ‘ठराव क्र. ७. सूचक …, अनुमोदक …. बाजूने २३, विरोधात ९, तटस्थ ४. बहुमताने मंजूर.’ ज्याला विरोध नोंदवायचा आहे त्याचे नाव लिहा. विरोधाची नोंद झालेला माणूस सहसा तक्रार घेऊन बाहेर जात नाही. चर्चेतले मुद्दे लिहा, कोण काय म्हणाले ते नको. आंदोलनाच्या संस्थेचे इतिवृत्त कधी कोणाच्या टेबलावर जाईल सांगता येत नाही. पाने क्रमांकित, मधे कोरी जागा नाही, खाडाखोडीवर सही. तीन-चार दिवसांत कच्चे लिहून अध्यक्षांना दाखवा. पंधरा दिवसांनी आठवण पुसट होते.

सभेनंतरच्या तारखा

१८६० च्या कायद्याच्या कलम ४ ची यादी, म्हणजे कार्यकारी मंडळाची नावे, पत्ते, व्यवसाय, सभेनंतर चौदाव्या दिवसापर्यंत निबंधकांकडे द्यायची. २६ जुलैला सभा असेल तर ही मुदत ९ ऑगस्टला संपते. तो नागासाकी दिन. सगळे कार्यक्रमात असतील आणि सुटीही असू शकते. यादी ५ तारखेच्या आत देऊन पोच घ्या.

मंडळात बदल झाला असेल तर १९५० च्या कायद्याच्या कलम २२ चा बदल अर्ज अनुसूची तीनमध्ये, बदलाच्या दिवसापासून ९० दिवसांत, इथे २४ ऑक्टोबरपर्यंत. सोबत सूचनेची प्रत आणि ती पोचल्याचा पुरावा, हजेरीपट, इतिवृत्ताचा उतारा, नव्यांची संमतीपत्रे, शपथपत्रे आणि ओळखपत्रे, बाहेर पडलेल्यांचे राजीनामे किंवा ना-हरकत, वारलेल्यांचा मृत्यू दाखला. मुदत उलटली तर उशीर माफीचा अर्ज आणि सबळ कारण जोडावे लागते. अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक एकाच कारणाने : सर्व सभासदांना सूचना मिळाल्याचे दाखवता आले नाही. मागच्या निवडणुकीचाच बदल अर्ज प्रलंबित असेल तर आधी त्याची तारीख शोधा. साखळीतली एक कडी सुटली की पुढचे सगळे अर्ज लटकतात. मंडळाची मुदत संपूनही निवडणूक झालेली नसेल तर स्वतःच्या जोरावर सभा बोलावण्याऐवजी वकिलाला विचारून त्याच कायद्याच्या कलम ४१-अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागण्याचा विचार करा.

मंजूर ठरावांची निवेदने दहा दिवसांत रवाना करा. संस्थेच्या शीर्षपत्रावर ठराव क्रमांक, तारीख आणि मतांची संख्या घाला. जिल्हाधिकारी कार्यालयात समक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तो शिक्का पुढे माहितीच्या अधिकाराच्या अर्जात जोडता येतो.

बँकेची सही बदलणे सर्वांत शेवटी. बऱ्याच शाखा नुसत्या ठरावावर सही बदलत नाहीत. नव्या विश्वस्तांची नावे असलेला अनुसूची एकचा उतारा मागतात, आणि बदल अर्ज मंजूर होईपर्यंत तो मिळत नाही. तोवर ऑगस्टचे कार्यक्रम, मंडपवाला आणि छापखाना यांचे धनादेश अडकतात. म्हणून सह्या तीन जणांच्या ठेवा, त्यांपैकी कोणत्याही दोघांच्या चालतील असा आदेश बँकेत द्या, आणि तिघांची मुदत एकाच वर्षी संपणार नाही अशी निवडणूक आखा.